फुसका बार

दिवाळीत आम्हां मास्तरमंडळींना सुट्टी असते. पण अंगातली मास्तरकी काही सुटीवर जात नाही. गेल्या नरकचतुर्दशीला आमच्या आळीतला एक मुलगा न उडालेल्या सुतळी बाँबवर ओणवा होऊन फुंकर घालीत होता. मी धावत जाऊन त्याला मागे ओढले. "गुरुजी, फुसका बार आहे तो!" तो हसत म्हणाला. गॅलरीतून त्याचे वडीलही हसले.

मी भित्रा आहे खरा. त्याला कारण आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी मी नोकरीला लागलो, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील खडीच्या खाणीत सुरुंग भरायला जात. एके दिवशी ते शाळेत आले, ते उजव्या हाताला भलेमोठे बँडेज बांधून. "बार उडाला नाही, म्हणून बघायला गेलो, गुरुजी," एवढेच ते बोलले. मुलाच्या दाखल्याच्या अर्जावर त्यांनी डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला. उजवा अंगठा राहिलाच नव्हता.

तेव्हापासून सुरुंगाविषयी मिळेल ते मी वाचीत आलो. पुण्यामुंबईचे प्रवासी ज्या बोरघाटातून डुलक्या घेत जातात, तिथला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. २५ बोगदे खोदावे लागले. नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले १८६७ साली. म्हणजे हा काळा कातळ फोडला तो साध्या दारूने. हाताने भोक पाडायचे, दारू भरायची, वर माती ठासायची, वात लावायची आणि दूर व्हायचे.

'ठासून सांगणे' हा शब्दप्रयोग आपण किती सहज वापरतो! पण दारूवर लोखंडी पहारेने ठासणे म्हणजे मृत्यूला हाक मारणे. पहार दगडावर घासली की ठिणगी पडते. अमेरिकेत व्हरमाँट येथे १८४८ साली फिनियस गेज नावाचा रेल्वेचा मुकादम असाच ठासत असता बार उडाला आणि पहार त्याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. नवल हे, की तो पुढे बारा वर्षे जगला. ठासायला लाकडी दांडा घ्यावा, हा नियम अशा रक्ताने लिहिला गेला आहे.

दुसरा धोका वातीचा. पूर्वी गवताच्या काडीत किंवा पक्ष्याच्या पिसाच्या नळीत दारू भरून वात करीत. ती कधी क्षणात भडके, तर कधी धुमसत राही. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात कथलाच्या आणि तांब्याच्या खाणी होत्या. तिथले अपघात पाहून विल्यम बिकफर्ड हा कातड्याचा व्यापारी अस्वस्थ झाला. एकदा दोर वळणाऱ्या मित्राकडे गेला असता त्याला सुचले, की दोराला पीळ देतानाच त्याच्या पोटात दारू भरली तर? वरून दुसरा उलटा पीळ आणि डांबराचा लेप. १८३१ साली त्याने या वातीचे पेटंट घेतले. एक फूट वात जळायला साधारण अर्धे मिनिट लागे. कामगाराला प्रथमच वेळ मोजता येऊ लागला. जीव घेऊन पळण्याऐवजी तो चालत आडोशाला जाऊ लागला.

तरी फुसका बार राहिलाच. ओलसर दारू, तुटलेली वात, कारण काहीही असो. न उडालेला सुरुंग मेला की झोपला, हे बाहेरून कळत नाही. म्हणून खाणीत बार मोजतात. दहा लावले आणि नऊ ऐकू आले, तर कोणी जागचे हलत नाही. वातीचा सुरुंग असेल तर निदान अर्धा तास थांबतात. मग जाणता माणूस एकटा पुढे जातो. त्या भोकात पुन्हा पहार घालीत नाहीत. बाजूला, अंतर राखून, दुसरे समांतर भोक पाडून तो उडवतात. आज विजेवर उडणारे सुरुंग आले, भोंगे आले, लाल बावटे आले. पण थांबण्याला पर्याय निघालेला नाही.

आपल्या बोलीत 'फुसका बार' ही थट्टा आहे. खाणीत तो शब्द कोणी हसत उच्चारीत नाही.

यंदा मी दारात पाण्याची बादली ठेवणार आहे. न उडालेल्या फटाक्यावर आधी थांबायचे, मग लांबून पाणी ओतायचे. आळीतली मुले हसतील. हसोत बापडी, दहाही बोटांनी टाळ्या पिटून हसोत.