वाडी चढते मजल्यावर : प्रस्तावना

मालवणकडच्या एखाद्या जुन्या वाडीत भर दुपारी शिरलं, की ऊन कसं वाटून घ्यावं ते कळतं. वरचा वाटा माडाचा. त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, मग जायफळ नि केळ, आणि तळाच्या सावलीत अळू, हळद. न्हाणीचं पाणी पाटाने अळवात जातं, पातेरा बुंध्याशी कुजतो. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने याच मांडणीत मसाल्याची पिकं बसवून ‘लाखीबाग’ रूढ केली. उंच इमारतींतल्या शेतीचा अभ्यास करू पाहणाऱ्याने आधी इथे यावं. मिलानचे २०१४ सालचे ‘बोस्को व्हर्तिकाले’ मनोरे सवडीने पाहावेत. देखणे आहेत, पण ती झाडं काही ताटासाठी लावलेली नाहीत.

वाडी उचलून विसाव्या मजल्यावर ठेवता येत नाही, हे उघड आहे. पहिला अडसर वजनाचा. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. फूटभर थर दिला तर चौरस मीटरवर ५०० किलोच्या आसपास भार येतो. लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार आहे सुमारे १५० किलो. स्लॅब पडून गेल्यावर माळ्याला बोलावून उपयोग नाही; त्याला नकाशा काढतानाच शेजारी बसवायला हवं.

उभ्या इमारतीत मग मातीलाच काट मारायची. श्री. अ. दाभोलकरांचा प्रयोग परिवार आणि मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि ओला कचरा यांच्या जोरावर गच्चीत पीक काढता येतं हे दाखवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरही तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली.

पाणी, वारा, समोरच्या टॉवरची सावली यांचा हिशेब पुढे येईलच. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी तो कागदपेन्सिल घेऊन वाचावा. लालबाग-परळच्या चाळीतून टॉवरात गेलेल्या चाकरमान्याने आकडे सोडून दिले तरी चालतील. परड्यातलं त्याचं ज्ञान या शास्त्राला हवंच आहे. एक प्रश्न मात्र त्यानेच सोडवावा. मे महिन्यात सगळा मजला गावी आंबे खायला गेला, की गॅलरीतल्या अळवाला पाणी कोणी घालायचं?