राजा जिंजीत, कारभार विशाळगडावर

राजा एका टोकाला, कारभारी दुसऱ्या टोकाला आणि मधल्या मुलखात शत्रूच्या छावण्या. १६८९ ते १६९८ या काळात मराठ्यांचे राज्य असे चालले. दूर राहून एकत्र काम कसे करावे, हा प्रश्न आपल्याला टाळेबंदीत पडला. त्यांना तो राज्य बुडण्याच्या बेतात असताना पडला होता. हा धागा त्या व्यवस्थेविषयी. 🧵

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडावर संकट आले, तेव्हा राजघराणे एकाच ठिकाणी सापडू नये म्हणून येसूबाईंनी राजाराम महाराजांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. प्रतापगडमार्गे ते पन्हाळ्यास आले आणि सप्टेंबरात वेषांतर करून दक्षिणेकडे निघाले. शिवाजी महाराजांनी १६७७ साली घेतलेली जिंजी हेच आता आश्रयस्थान होते.

अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो. आमच्या माधवनगरहून पन्हाळा सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. पन्हाळ्याहून जिंजी त्याच मापाने साडेसातशेच्या पुढे. वाटेत जासूद पकडला गेला, की पत्रही गेले आणि उत्तराची आशाही गेली.

म्हणून महाराजांनी मागे केवळ आज्ञा ठेवल्या नाहीत, अधिकार ठेवला. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब मिळाला. महाराष्ट्रातील निर्णयासाठी जिंजीच्या उत्तराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. शंकराजी नारायण त्यांच्या जोडीला होते. जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे नवेच पद निर्माण झाले. माझ्या मते या काळातील सर्वांत शहाणा निर्णय हाच. परशुराम त्रिंबक यांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला, तो याच महाराष्ट्रातील फळीच्या बळावर.

मदत उलट दिशेनेही गेली. जुल्फिकारखान १६९० पासून जिंजीस वेढा घालून बसला होता. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव तिकडे धावले. कांचीजवळ संताजींनी अली मर्दानखानास कैद केले आणि जुल्फिकारखानास काही काळ वेढा उठवून वंदवासीकडे हटावे लागले.

खजिना रिकामा असताना विखुरलेल्या सरदारांना बांधून कसे ठेवायचे? उत्तर होते वतने आणि सरंजाम. १६९१ साली हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या सनदेत तर रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि थेट दिल्ली जिंकल्यास काय मिळेल, याची टप्प्याटप्प्याने बोली आहे! तिकडे रायगड १६८९ मध्येच हातचा गेला होता, हे लक्षात घ्या. शिवाजी महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता. ते धोरण इथे मोडले. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, पण त्या घडीला दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

ही व्यवस्था उसवली ती संताजींच्या बाबतीत. दोड्डेरीस कासिमखानाचा आणि बसवापट्टणजवळ हिंमतखानाचा त्यांनी १६९५-९६ मध्ये पाडाव केला. मोगलांना त्यांची धास्ती होती. पण स्वभाव करडा, शिस्त कडक. महाराज आणि सेनापती यांच्यात संशय वाढत गेला, कानाशी लागणारे जवळ होते आणि सेनापती बहुधा मोहिमेवर. १६९६ मध्ये आयेवारकुटी येथे महाराज व धनाजी एका बाजूस आणि संताजी दुसऱ्या बाजूस, अशी लढाईच झाली. अमृतराव निंबाळकर त्यात बळी पडले. सेनापतिपद धनाजींकडे गेले.

अमृतराव हे म्हसवडच्या नागोजी मान्यांचे मेहुणे. जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगररांगेत मान्यांनी एकाकी संताजींना गाठून ठार केले. म्हसवड आजच्या सातारा जिल्ह्यात.

राजाराम महाराज जिंजीतून निसटून १६९८ च्या आरंभी विशाळगडास पोहोचले. रामचंद्रपंतांनी नऊ वर्षे सांभाळलेले राज्य जागेवर होते. संताजी नव्हते.