रोहिडखोऱ्यातला एक निरोप

मधले तीन महिने गप्प होतो. घरच्यांना कारण माहीत आहे, बाकीच्या मित्रमंडळींसाठी सांगतो. अण्णांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या) हृदयाचं ऑपरेशन झालं. अण्णा भोर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. चौथीच्या मुलांना शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली. आवाज असा, की अफझलखान वाईत आला म्हणताच पहिल्या बाकावरचं पोर मागे सरकायचं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री खोलीतला दिवा मालवला आणि अंधारात तेच अण्णा हळूच म्हणाले, "भीती वाटतेय रे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी गडबडलो आणि पटकन बोलून गेलो, "अण्णा, देव आहे ना. काही होणार नाही."

"देव तुझी आजी गेली तेव्हाही होताच की," अण्णा म्हणाले.

मला पुढे बोलताच येईना. खरंच आहे. आपण 'देव आहे' म्हणतो आणि त्याला लागूनच 'काही होणार नाही' म्हणून टाकतो. पहिल्यावरून दुसरं कुठे निघतं?

पुढचे काही दिवस दवाखान्याच्या बाकावर गेले. घरून येताना अण्णांच्या कपाटातली दोन-तीन पुस्तकं आणली होती, वेळ घालवायला. त्यात ते पत्र पुन्हा भेटलं. लहानपणी शंभरदा ऐकलेलं, पण लक्ष देऊन कधीच न वाचलेलं.

गोष्ट एप्रिल १६४५ ची. आपलं भोरचं खोरं तेव्हा रोहिडखोरं. दादाजी नरस प्रभू तिथले देशकुलकर्णी. शिवाजीराजे आदिलशहाशी बेइमानी करताहेत असा ठपका ठेवून दरबाराकडून दादाजींना धमकीचा हुकूम आला. त्यांचे वडील हबकले. वतन, घरदार, मुलगा, सगळंच पणाला लागलं होतं. तेव्हा शिवाजीराजांनी दादाजींना पत्र लिहिलं. त्याचा आशय थोडक्यात असा: आपण बेइमानी करत नाही. तुमच्या खोऱ्यातला, डोंगरावरचा स्वयंभू रोहिरेश्वर आपल्या पाठीशी आहे, त्यानंच यश दिलं आणि पुढेही तोच मनोरथ पुरवील. तेव्हा वडिलांना सांगा, घाबरू नका. (हा रोहिरेश्वर म्हणजेच आपला रायरेश्वर, असं मानतात.)

फाल्गुन वद्य तृतीयेची, १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख धरली तर पत्र लिहिणाऱ्याचं वय पंधरा! पंधरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या वडिलांना धीर देतोय. आणि मी चाळिशी ओलांडून स्वतःच्या वडिलांपुढे मुका...

या पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, हेही सांगायला हवं. काहींना त्याची भाषा नंतरच्या काळातली वाटते. पण बाकावर बसून वाचताना माझं लक्ष वेगळ्याच जागी अडकलं. संकट खोटं आहे असं त्या पत्रात कुठेच नाही. तुमचं काही वाईट होणार नाही, असंही नाही. आहे ते असं, की दादोजी कोंडदेवांच्या समक्ष तुमचं आमचं देवापाशी इमान झालंय, ते वज्रासारखं आहे, आम्ही आणि आमचे वंशज त्यात अंतर पडू देणार नाही. म्हणजे देव तिथे साक्षीला आहे. आणि ज्याचा भरवसा द्यायचा आहे ती गोष्ट ही, की आम्ही तुम्हाला सोडणार नाही.

मग चौदा वर्षांनी याच खोऱ्यात त्या भरवशाची परीक्षा झाली. १६५९ साली अफझलखान निघाला आणि मावळातल्या देशमुखांना आदिलशहाची फर्मानं आली. कारीच्या कान्होजी जेध्यांना आलेलं फर्मान १६ जूनचं. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी मात्र आपल्या पाच मुलांना घेऊन राजांकडे आले आणि शहाजीराजांना दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी वतनावर पाणी सोडलं. कारी आणि उत्रौली, दोन्ही गावं आजच्या भोर तालुक्यातलीच. खोरं तेच, डोंगरावरचा देवही तोच. देव सगळ्यांनाच होता, इमान ज्याचं त्याला राखावं लागलं.

आणि त्या वर्षी देवानं राजांचं काही राखून ठेवलं होतं असंही नाही. ५ सप्टेंबरला राजगडावर सईबाई गेल्या. संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे. त्यांना दूध पाजणारी धाराऊ आपल्या कापूरहोळची. राजगडाच्या पायथ्याला पाल गावात सईबाईंची समाधी दाखवतात. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं.) घरात हे दुःख, वाटेवर खान, आणि १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली भेट. मधे धड सव्वादोन महिनेसुद्धा नाहीत. लहानपणी अण्णा थेट वाघनखांवर यायचे. हे मधले दिवस त्या माणसानं कसे काढले असतील, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा जाणवलं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी अण्णा जरा बोलायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, त्या रात्री मी चुकीचं बोललो. काय होईल ते मला माहीत नव्हतं. मी इथेच आहे, एवढंच म्हणायला हवं होतं."

अण्णा थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला ते ऐकू आलं होतं. तू रात्रभर खुर्चीत बसला होतास ना."

गेल्या रविवारी त्यांना घेऊन भोरला गेलो. रायरेश्वर चढायची आता सोय नाही, त्या लोखंडी शिड्या त्यांना झेपायच्या नाहीत. म्हणून आंबवड्याला नागेश्वराच्या देवळात नेलं. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. आत गार होतं. बराच वेळ हात जोडून बसले. काय मागितलं, असं मी विचारलं नाही. परत येताना गाडीत स्वतःच म्हणाले, "पुढच्या महिन्यात रिपोर्ट आहे ना? तू येशील ना बरोबर?"

"येईन," मी म्हटलं.

रिपोर्ट कसा येईल ते ठाऊक नाही. पण त्या दिवसाची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.

असो. बरंच लांबलं. तुमच्याही घरी कुणी रात्रीचं जागं असेल, तर जरा जाऊन शेजारी बसा.