गळ, तरंड आणि तळ्याचें पाणी

नागपूरच्या पश्चिमेस, अमरावतीच्या हमरस्त्यावर वाडी हें गांव आहे. ज्या नाग नदीवरून नागपूरला नांव मिळालें, ती वाडीजवळच्या लाव्हा गांवच्या टेकड्यांत उगम पावते, आणि वाडी व नागपूर यांच्यामध्यें अंबाझरीचा तलाव आहे. शहरास पाणी पुरविण्यासाठीं १८७० च्या सुमारास या तलावाचें मोठें काम झालें. अशा तळ्याच्या कांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य हें दृश्य इतकें परिचयाचें आहे कीं, त्यामागें कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. उलट, काठी व गळ घेऊन बसण्याचा शोक साहेबांनीं आणला, असाच पुष्कळांचा समज असतो. तो समज खरा नाहीं.

कल्याणीच्या चालुक्यवंशांत तिसरा सोमेश्वर हा राजा होऊन गेला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे हल्लींच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. या घराण्याची सत्ता नागपूरच्या प्रदेशासही अपरिचित नव्हती. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दीचा, शके १००८ चा एक लेख सीताबर्डीचा शिलालेख म्हणून प्रसिद्ध आहे. इसवी सन ११२९ च्या सुमारास सोमेश्वराच्या नांवें ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या पांच विंशति, म्हणजे शंभर अध्याय आहेत. राज्यकारभार, वैद्यक, पाकक्रिया, संगीत असे नाना विषय त्यांत आले आहेत. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, ही मराठीच्या अभ्यासकांस मोलाची वाटणारी नोंदही याच ग्रंथांतली. आणि याच ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें एक प्रकरण आहे.

या प्रकरणांत समुद्रांतील व गोड्या पाण्यांतील सुमारें ३५ जातींचे मासे सांगितले आहेत. कोणता मासा कोठें राहतो व त्याला कोणतें खाद्य रुचतें, याचें विवेचन आहे, आणि काठी, दोरा, गळ व आमिष यांचा विचार आहे. मासा मारणें एवढाच तेथें विनोदाचा अर्थ नाहीं. आधीं माशाचा स्वभाव जाणावा, मग साधन सिद्ध करावें, असा तो क्रम आहे. इंग्लंडांत गळाच्या शिकारीवरील पहिली छापील पुस्तिका १४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें निघाली. ती डेम जुलियाना बर्नर्स या बाईंच्या नांवावर सांगितली जाते. ‘मानसोल्लास’ तिच्याहून साडेतीन शतकांनीं वडील आहे. तरीही ही गोष्ट फार उशिरां सर्वांच्या ध्यानांत आली. गजानन श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून खंडशः छापला गेला. आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला, तेव्हां कोठें त्याची योग्यता जगास कळली.

साधन सिद्ध करणें म्हणजे काय, हें समजण्यास त्यांतील सर्वांत क्षुल्लक वस्तु पाहावी. ती म्हणजे दोऱ्यास बांधलेला, पाण्यावर तरंगणारा हलका तुकडा. संस्कृत कोशांत ‘तरंड’ या शब्दाचा हाही एक अर्थ दिलेला आहे. मोरपिसाचा देठ, भेंडाचा तुकडा किंवा ज्वारीच्या धाटाचा गाभा, यांपैकीं कशाचेंही तरंड होऊं शकतें. गळाच्या थोडें वर शिशाचा लहानसा मणी असतो. मण्याचें वजन असें बेतावयाचें कीं, तरंड उभें राहून त्याचें केवळ टोंक पाण्याबाहेर दिसावें. तरंड आडवें पडलें, तर शिसें तळाशीं टेकलें असें समजावें, आणि तरंड दोऱ्यावरून गळाकडे सरकवून मधलें अंतर कमी करावें. अशा रीतीनें डोळ्यांना न दिसणारी खोली प्रथम मोजली जाते.

खोलीचा प्रश्न एवढा महत्त्वाचा कां, याचें उत्तर माशांच्या राहणींत आहे. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, आणि मृगळ तळाशीं. एकाच तळ्यांत तिघे नांदतात, पण तिघांचीं घरें निराळीं. तरंड गळापासून किती अंतरावर बांधलें, यावर कोणाच्या दारांत आमिष जावयाचें हें ठरतें. लहान मासा टोंचूं लागला कीं तरंड नुसतें थरथरतें. मोठ्यानें आमिष घेतलें कीं तें तिरपें होऊन खालीं जातें. आणि तळाचा मासा आमिष वर उचलूं लागला, तर शिशाचा भार सुटून तरंड उलट वर येतें. हीं चिन्हें ओळखणें हाच या विद्येचा गाभा होय.

अतिशीत देशांतही याच विद्येचें एक रूप आढळतें. पाणी सुमारें ४ अंश उष्णतेवर सर्वांत जड असतें. म्हणून बर्फ वर धरतो आणि त्याखालीं मासे जगतात. कॅनडा, फिनलंड, रशिया येथील लोक बर्फास भोंक पाडून हातभर काठीनें मासे धरतात. थंडीनें मंदावलेला मासा हलकेच ओठ लावतो, म्हणून तेथील तरंड अगदीं लहान व नाजूक तोलाचें असतें. नागपुरांत २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण तेवढ्यानें तळें गोठत नाहीं. तरी थंडींत येथील मासाही सुस्तावतो. देश बदलला तरी नियम तोच राहतो.

इंग्रजी अमदानींत या विषयाला नवें वाङ्मय मिळालें. मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं ‘दि रॉड इन इंडिया’ व १८८७ सालीं तळ्यांतील गळाच्या शिकारीवर वेगळें पुस्तक लिहिलें. त्याच्याही आधीं कर्नल साइक्स यानें दख्खनच्या नद्यांतले मासे वर्णन करून, येथल्या लोकांच्या तोंडचीं नांवेंच लॅटिन नामावळींत घातलीं. ‘खुद्री’, ‘कोळस’, ‘शिंगटी’ हे शब्द तेथें थोड्या वेड्यावांकड्या रूपांत अजून आहेत. साहेबांनीं लिहिलें खरें, पण माशांचीं नांवें त्यांना येथल्या लोकांकडूनच मिळालीं. विदर्भांत ही विद्या ढीवर व भोई यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्यांचें मुख्य साधन जाळें. तथापि कोणत्या ऋतूंत कोणता मासा कोणत्या थरांत असतो, हें ज्ञान जाळ्याला व गळाला सारखेंच लागतें.

हें ज्ञान पाण्यावांचून मात्र जगत नाहीं. वाडी व हिंगण्याची औद्योगिक वसाहत वाढली, तसें तिकडील सांडपाणी अंबाझरींत उतरूं लागलें. अलीकडच्या वर्षांत तलावावर जलपर्णी माजली. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं हाच तलाव भरून वाहिला आणि शहराच्या कित्येक वस्त्या पाण्यांत गेल्या. पाण्यांतील प्राणवायु घटला कीं प्रथम तळाचा थर ओसाड होतो. मग मासे श्वासासाठीं वर येऊन तोंडें उघडतात; आणि शेवटीं मागूर व मरळ यांसारखे, वरची हवा घेऊं शकणारेच मासे टिकतात. जेथें तीन थर होते, तेथें एकच उरतो. आणि जलपर्णीच्या गालिच्यावर तर तरंड उभेंच राहूं शकत नाहीं.

पूर्व विदर्भांतील कांहीं मालगुजारी तलावांत ढीवरांनीं गाळ व उपद्रवी वेली काढून, माशांस उपयोगी अशा पाणवनस्पति पुन्हां लावण्यास आरंभ केला आहे. सोमेश्वराच्या ग्रंथांतला क्रम येथें पुन्हां दिसतो: आधीं माशाचें घर व त्याचें खाद्य, मग गळ. वाडीच्या वाटेवरील तळ्यालाही हाच क्रम लागू पडेल.