तळटीप : विंडलासची ‘जाड वायर’

१२. जाड वायर : लेखकाने हा तपशील दोन शब्दांत उरकला आहे. नांगर उचलणाऱ्या विंडलासची मोटर १००० वॉटची धरली, तर १२ व्होल्टवर ती ८० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. नांगर चिखलात रुतलेला असेल तर आणखी जास्त. बॅटरी मागे इंजिनापाशी, विंडलास पुढे नाळेवर. मधले अंतर ९ मीटर असले तरी हिशेब जाण्यायेण्याचा, म्हणजे १८ मीटरचा करायचा; नवखे नेमके इथेच फसतात. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो आणि मोटर कण्हत फिरते. ३५ ची घेतली तर ही घट पाऊण व्होल्टवर येते. खाऱ्या हवेत तारा कथिलाचा मुलामा दिलेल्याच हव्यात. केबिनमधून वायर तळच्या पाण्यापासून उंच, झोपण्याच्या बाकांमागून न्यावी. फळीतल्या प्रत्येक भोकाला रबरी बुश हवे, नाहीतर हादऱ्यांनी आवरण घासून निघते. ब्रेकर बॅटरीजवळ बसवतात, कारण आवरण कुठेही फाटून शॉर्ट झाला तरी पुढची सगळी वायर त्याच्या राखणीत राहते. पायाने दाबायचे बटण बहुधा फक्त रिले चालवते. त्याला बारीक वायर पुरते. — संपादक