अपस्माराची गोळी आणि तिचे मोल

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाशिक येथील महाविद्यालयात आम्ही दुपारचा इतिहासाचा तास घेत असता मागल्या बाकावरील एक विद्यार्थी एकाएकी किंचाळून खाली कोसळला. त्याचे हातपाय ताठरले, डोळे फिरले, तोंडास फेस आला. वर्गात एकच गोंधळ उडाला. कोणी कांदा आणावयास धावला, कोणी पायातील वहाण काढून त्याच्या नाकाशी धरली, कोणी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आम्ही स्वतः काय केले? दातखीळ बसली म्हणून त्याच्या दातांमध्ये लाकडी पट्टी सारण्याची खटपट केली. दोन-तीन मिनिटांत झटका आपोआप ओसरला आणि मुलगा गाढ झोपी गेला. एवढ्या उपायांपैकी एकाचाही काडीइतका उपयोग झाला नव्हता, आणि सर्वांत घातक उपाय वर्गातील सर्वांत शिकलेल्या माणसाचा होता, हे आम्हांस मागाहून एका वैद्यकीय मित्राने सांगितले.

दुसरे दिवशी तो मुलगा आमच्या खोलीत आला. तो सुरगाणा तालुक्यातील होता. वडील दरवर्षी दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीस येत. “गोळ्या चालू नाहीत काय?” असे आम्ही विचारता तो खाली मान घालून म्हणाला, “चालू आहेत, सर. पण एक दिवसाआड घेतो. म्हणजे महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरतात.” घरून पैसे आले की तो प्रथम खानावळीचे देणे चुकते करी. खानावळीचे पैसे थकले तर चारचौघांत बोभाटा होतो. गोळी चुकली तर कोणास दिसत नाही, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब पुष्कळ दिवस आमच्या मनातून जाईना. ज्या रोगावरील गुणकारी औषध सापडून तेव्हा नव्वद वर्षे लोटली होती, त्या रोगाची गोळी एका तरुण मुलास एक दिवसाआड का घ्यावी लागावी? इतिहास शिकविणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा उत्तरही इतिहासातच शोधावे असे वाटले.

आपल्याकडे या रोगाची ओळख फार जुनी आहे. ‘अपस्मार’ या नावातच स्मृतीचा लोप सूचित आहे. चरकसंहितेत त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले असून, झटके पंधरवड्याने, बारा दिवसांनी किंवा महिन्याने येतात हेही नमूद केले आहे. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी सूचना ही की, अशा रोग्यास पाणी, अग्नी, वृक्ष, डोंगर व विषम जागा यांपासून नेहमी जपावे. ही सूचना आजही शब्दशः खरी आहे. नाशकात ज्याच्या घरी असा रोगी आहे त्यास रामकुंडाच्या पायऱ्या, शेतातील विहीर आणि पेटती चूल या तिन्हींची धास्ती काय असते हे सांगावे लागत नाही. ग्रीसमध्येही इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील एका ग्रंथकाराने, लोक ज्यास ‘पवित्र रोग’ म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नसून त्याचे मूळ मेंदूत आहे, असे स्पष्ट बजावले होते. तथापि ग्रंथ एकीकडे आणि लोकव्यवहार दुसरीकडे. फेफरे ही अंगात शिरलेली बाधा समजून भगताकडे किंवा देवऋषीकडे धाव घेण्याची चाल आपल्याकडे शतकानुशतके चालली, आणि ती अद्याप सर्वस्वी गेली आहे असे म्हणवत नाही.

अर्वाचीन औषधाचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. १८५७ साली, आपल्याकडे उत्तर हिंदुस्थान पेटला असता, लंडनमधील वैद्यांच्या एका सभेत व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतिवैद्य सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडने काही स्त्रियांचे झटके थांबल्याचे सांगितले. कामविकार दडपल्याने झटके थांबतात अशी त्यांची समजूत होती. ती समजूत साफ चुकीची होती, पण औषध खरे निघाले. मात्र ब्रोमाइडने रोगी सुस्त होई, बुद्धी मंदावे, अंगावर पुरळ उठे. झटके नकोत तर हे सोसा, असा तो सौदा होता. आणि तोही सर्वांस लाभत नसे. इंग्रजी अमदानीत वेड्यांच्या इस्पितळांत मनोरुग्णांबरोबर अपस्माराचे रोगीही कोंडले जात. त्यांचे मन शाबूत आहे की नाही, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे.

१९१२ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा एक तरुण वैद्य अपस्माराच्या रोग्यांच्या दालनावरच राहत असे. रात्री रोग्यांना येणाऱ्या झटक्यांनी त्याची झोपमोड होई. रोगी शांत झोपावेत म्हणून त्याने त्यांस ‘ल्युमिनल’ हे नवे झोपेचे औषध दिले. आणि पाहतो तो रात्रीचेच नव्हे, दिवसाचेही झटके कमी झाले. हेच फिनोबार्बिटोन, आपल्याकडील वडीलधाऱ्यांस ‘गार्डिनल’ या नावाने परिचित असलेली ती बारीक पांढरी गोळी. ज्या हाउप्टमानमुळे लक्षावधी घरांत शांत झोप आली, त्यास ज्यू म्हणून नाझींच्या राजवटीत आपला देश सोडावा लागला, आणि १९४८ साली अमेरिकेत त्याचा अंत झाला. पुढे १९३८ साली बोस्टन येथे मेरिट आणि पुटनम या दोघांनी फिनिटोइनचा गुण दाखवून दिला. झटके थांबविण्यासाठी रोग्यास गुंगीत ठेवलेच पाहिजे असे नाही, हे या शोधाने सिद्ध झाले. विद्यार्थ्यास अभ्यास करता यावा आणि कारकुनास लेखणी चालविता यावी, असे औषध आता मिळाले. त्यामागून कार्बामॅझेपिन, व्हॅलप्रोएट आणि गेल्या पंचवीस वर्षांत लेव्हेटिरासिटाम इत्यादी गोळ्या आल्या.

औषध सापडणे ही एक गोष्ट आणि ते परवडणे ही दुसरी. आपल्या देशात १९११ च्या पेटंट कायद्यान्वये औषधी द्रव्यावरच मालकी मिळे आणि ती सोळा वर्षे टिके. स्वातंत्र्यानंतरही तोच कायदा चालू राहिला. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा दरिद्री भारत हा सर्वांत महाग औषधे घेणाऱ्या देशांपैकी एक असल्याचे दिसून आले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सादर केलेल्या अहवालाच्या पायावर संसदेने १९७० साली नवा कायदा केला व १९७२ पासून तो अमलात आला. औषधावर पेटंट मिळणार नाही, ते तयार करण्याच्या रीतीवरच मिळेल, आणि तेही फार तर सात वर्षे, हे त्याचे सार. त्याच १९७० साली किंमत-नियंत्रणाचा आदेशही निघाला. देशी कारखान्यांनी निराळ्या रीतीने तीच औषधे करण्यास आरंभ केला आणि परदेशी नवी गोळी काही वर्षांतच देशी वेष्टनात मिळू लागली. जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ साली औषधावरील पेटंट परत आले खरे. परंतु अपस्मारावरील जुन्या गोळ्या तोवर सर्व मालकीतून मोकळ्या झाल्या होत्या. फिनोबार्बिटोन व फिनिटोइन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७७ सालच्या पहिल्या आवश्यक औषध यादीतच आहेत. आपल्या राष्ट्रीय यादीतही आहेत, आणि त्या यादीतील औषधांच्या कमाल किमती २०१३ च्या आदेशाने बांधल्या जातात.

सारांश, जुनी गोळी आज रुपया-दोन रुपयांत मिळते आणि सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. योग्य निदान व उपचार झाल्यास शंभरांतील सत्तर रोगी झटक्यांवाचून जगू शकतील, आणि त्यास वर्षाकाठी अवघे पाच डॉलर इतका अल्प खर्चही पुरू शकेल, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही गरीब देशांतील बहुसंख्य रोग्यांस उपचार मिळत नाहीत, हेही तीच संघटना सांगते. मुंबईतील पारशी समाजाची घरोघर जाऊन केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तीत हजारी सुमारे पाच माणसांस हा रोग आढळला होता. तेच प्रमाण धरले तर २०११ च्या जनगणनेतील आमच्या नाशिक जिल्ह्याच्या एकसष्ट लाख वस्तीत तीस हजार रोगी असावेत. त्यांपैकी आपण किती ओळखतो? प्रत्येक वाचकाने मनाशी मोजून पाहावे.

मग अडते कोठे? आमच्या त्या विद्यार्थ्याचीच कहाणी घ्या. त्यास कोणी नवी, महाग गोळी लिहून दिली होती. तिच्या चौथाई किमतीत जुनी मिळते, व पुष्कळांस ती तितकीच लागू पडते, हे त्यास ठाऊक नव्हते. रुग्णालयात गोळी फुकट मिळे, परंतु रांगेत उभे राहण्यात कॉलेजचा दिवस बुडे. सुरगाण्याहून बापाने यावे तर नव्वद-शंभर किलोमीटरचे एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी जाई. फिनोबार्बिटोनची आणखी एक अडचण आहे. झोपेच्या औषधाच्या कुळातील म्हणून ते १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या यादीत आले. त्याचा हिशेब चोख ठेवावा लागतो आणि नफा तर पैशांत. अशी वस्तू दुकानात ठेवण्याची हौस विक्रेत्यास कशी असावी? म्हणजे गोळी जितकी स्वस्त, तितकी ती दुर्मिळ, असा उफराटा न्याय होऊन बसतो.

दुसरे असे की, हे औषध तापाच्या औषधासारखे चार दिवसांचे नाही. ते रोज, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षे घ्यावयाचे असते. एकाएकी सोडल्यास झटक्यांची मालिका लागून प्राणावर बेतते. म्हणून अपस्मारात खरा खर्च गोळीचा नसून न चुकण्याचा असतो.

त्या मुलास आम्ही आमच्या वैद्यकीय मित्राकडे नेले. त्याने हळूहळू पालट करून जुनी स्वस्त गोळी सुरू केली. झटके विरळ झाले, मुलगा पदवीधर झाला, शिक्षकाची नोकरी लागली. येथे ही गोष्ट संपली असती तर आम्हांस मोठे समाधान वाटले असते. परंतु चार वर्षांनी त्याचे लग्न ठरू लागले तेव्हा तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मुलीकडच्यांना सांगू का?” आम्ही थोडा विचार करून म्हणालो, “आता झटके नाहीतच. मग कशाला सांगतोस?”

आपण काय बोललो हे आम्हांस त्या वेळी कळले नाही. १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही हिंदू विवाह कायद्यात लग्नाची आडकाठी ठरविण्यात आली होती. वेडाच्या शेजारी या रोगाचे नाव लिहिले गेले होते. ते शब्द १९९९ साली संसदेने काढून टाकले. म्हणजे आम्ही हा उपदेश केला तेव्हा कायदा बदलून आठ वर्षे झाली होती, आणि इतिहासाच्या अध्यापकाचे मन मात्र जेथल्या तेथे होते.

व्हावयाचे ते झाले. नव्या घरात गोळ्या कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून त्याने त्या घेणेच सोडले. आठवड्याच्या आत पहाटे चुलीपाशी झटका आला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चरकाने ज्या अग्नीपासून जपावयास सांगितले, त्याच अग्नीत आमच्या शब्दाने तो पडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याची पत्नी आम्हांस म्हणाली, “गुरुजी, गोळीचं मला आधी सांगितलं असतं तर मी रोज आठवण केली असती. लपवलं त्याचा राग आला, आजाराचा नाही.” आम्हांपाशी उत्तर नव्हते.

सुरगाण्यातील मजुरास या गोळीचे मोल एस.टी.च्या भाड्याने आणि बुडालेल्या मजुरीने द्यावे लागते. ते कमी करणे सरकारच्या हाती आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी बारमाही गोळी मिळाली तर ते होईलही. परंतु आपणां सुशिक्षित मध्यम वर्गास ती गोळी सहज परवडते, आणि तरीही आपल्या घरांतील कितीतरी मुली-सुना ती कपाटात कपड्यांच्या घडीखाली दडवून ठेवतात व पाहुणे आले की चुकवितात. हे मोल कोणत्याही किंमत-नियंत्रण आदेशाने उतरणार नाही. ते आपणच वाढविले आहे. गर्भारपणी कोणती गोळी चालते आणि कोणती बाधते, हे वैद्यास आधी विचारावे लागते. काही गोळ्या, विशेषतः व्हॅलप्रोएट, गर्भास अपायकारक ठरतात. जेथे रोगाचे नावच उच्चारावयाचे नाही, तेथे हे विचारणार कोण?

आता आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी आम्ही एवढे सांगून ठेवतो: कोणास झटका आल्यास वहाण, कांदा, किल्ली काही नको, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, डोक्याखाली मऊ काही सारून त्यास कुशीवर वळवावे, झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर रुग्णालय गाठावे. इतिहासाच्या तासाशी याचा काय संबंध, असे एकदा एका विद्यार्थ्याने विचारले. त्यास आम्ही ही सर्व हकीकत सांगितली.

तो जुना विद्यार्थी अधूनमधून भेटतो. हातावरचा व्रण अद्याप आहे. झटके नाहीत. रात्री जेवणानंतर त्याची पत्नी पाण्याचा तांब्या आणि गोळी पुढे ठेवते. आणि गोळी घेतल्याची खूण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यांची शाळकरी मुलगी करते. घरी येणाऱ्याजाणाऱ्यास ती दिनदर्शिका दिसते, आणि कोणी विचारले तर मुलगीच सांगते की ही बाबांच्या गोळीची खूण.