आईला खोलीबाहेर काढलं, मग परत बोलावलं

मागच्या कार्यक्रमानंतर आम्हाला एका आईचा फोन आला. लेक सोळा वर्षांची. सहा महिने झाले, पोळी कुस्करून ताटातच ठेवते, कपडे अंगावर लोंबतात. 'माझंच काही चुकलं का हो?' एवढंच ती विचारत होती. हा प्रश्न जुना आहे, म्हणून आज त्याचाच इतिहास सांगतो.

१८७३ साली पॅरिसचे डॉक्टर लासेग आणि लंडनचे विल्यम गल यांनी या आजाराचं वर्णन केलं. 'अनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचं. नाव तसं फसवं, कारण त्याचा अर्थ भूक नसणं. आणि भूक तर बहुतेकींना असते, त्या ती दाबून ठेवतात. गल यांच्याकडे १८६६ साली सतरा वर्षांची एक मुलगी आली, वजन ८२ पौंड, म्हणजे जेमतेम ३७ किलो. औषधांनी काही फरक पडला नाही. ती सावरली अन्नानं, आणि तिचं वजन १२८ पौंडांवर गेलं. ठरलेल्या वेळी, थोड्या थोड्या अंतरानं खाऊ घाला, रुग्णाच्या मर्जीवर सोडू नका, हा त्यांचा उपाय. पण त्याबरोबर त्यांनी असंही लिहिलं की अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत वाईट. लासेग यांनीही पाहिलं होतं, घरचे आधी विनवण्या करतात, मग धमक्या देतात. (आपल्याकडे तरी याहून वेगळं काय होतं?) मुलीला घरापासून दूर ठेवायची रीत पुढं बराच काळ चालली, आणि आईच्या माथी दोष आला.

भरवायचं कसं, हे मात्र दुसऱ्या महायुद्धानं शिकवलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव भागानं घटलं. हे धडधाकट पुरुष पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, थाळ्या चाटू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. म्हणजे 'मुलीचा हट्टी स्वभाव' म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्यातलं बरंचसं उपासमारीचंच असतं. आणि नुसतं पूर्वीएवढं खाऊन ती माणसं सावरली नाहीत. त्यांना कितीतरी जास्त अन्न लागलं.

पण एकदम जास्तही नाही. त्याच युद्धात उपाशी कैद्यांपैकी काही जण सुटका झाल्यावर, अन्न मिळू लागल्यावर दगावले. फार दिवस उपाशी शरीर चरबीवर चालतं. अचानक भात-साखर मिळाली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदय आणि श्वास अडखळतात. म्हणून डॉक्टर थायमिन देतात, रक्त तपासत राहतात आणि अन्न टप्प्याटप्प्यानं वाढवतात. लंघनानंतर आधी पेज देणाऱ्या आपल्या आज्या आठवतात ना? फक्त पेजेवरच थांबायचं नाही, फार कमी देत राहणंही घातकच. अगदी खंगलेल्या मुलीला घरी एकदम भरवू नका, आधी रुग्णालय गाठा.

आता आईकडे येऊ. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात, वजन सावरून घरी निघालेल्या ८० रुग्णांवरचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. आजार कोवळ्या वयात सुरू होऊन तीन वर्षांहून कमी काळ झालेल्या मुलींना एकटीच्या समुपदेशनापेक्षा घरच्यांसह केलेल्या उपचारांचा जास्त फायदा झाला होता. त्यातून पुढं जी पद्धत घडली, तिच्यात कोणाचं चुकलं हे शोधतच नाहीत. आईवडिलांना घरचं जेवण डबा भरून आणायला सांगतात. सगळे एकत्र बसतात, बाजूला डॉक्टर. मुलगी ताट सरकवते. आणि आईनं तिला, न रागावता, न रडता, अजून एक घास खायला लावायचा असतो.